तुमच्या फ्लॅटची पावती

प्रांजल,

तुझ्या बाबांची नागपूरला बदली झाली आणि तुमचा करंजाड्याचा फ्लॅट विकायला आमच्या काकांच्या एजन्सीकडे आला. कॉलेज सोडल्यापासून मी तिथेच बसतो. तीन गिऱ्हाइकं मीच पळवून लावली. "इथं पाणी येत नाय," म्हणायचो. फ्लॅट अडला की तूही थांबशील, एवढीच माझी अक्कल.

मग तू म्हणालीस, "अरे, मुदतीत विकला तरच बाबांचं ऑफिस बदलीपोटी विक्रीचा खर्च परत देणार. बाबा धड जेवत नाहीत रे."

स्वतःवरच भडकलो. चौथ्याला पाण्याचं खरं सांगितलं. त्याने लगेच घेतला.

आज तुझ्या बाबांनी खर्चाच्या अर्जाला जोडायला दलालीची पावती मागितली. मीच लिहिली, सही केली. "अक्षर सुरेख आहे हो तुझं," म्हणाले.

माझ्या हातचा तेवढाच कागद तुमच्याबरोबर नागपूरला जाईल. हे पत्र मात्र इथेच, माझ्या खणात राहील.

पावतीवर सही करणारा,
प्रितम