निर्णय माझा, गाडी धाकट्याने चालवली

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा मोटार चालवायला शिकवणे (एकतीस वर्षे, आता बंद), हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वतःच्या हाताने, पाठीशी दोन उशा घेऊन लिहीत आहे. कोणी भरीस घातलेले नाही, कोणी दम दिलेला नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो देण्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. बहात्तरपर्यंत आल्यावर मी विचारले, “अजून किती खाली उतरायचं?” त्यांनी हसून सही केली.

सर्वांची पूर्ण नावे, पत्ते आणि नाती वकिलांनी टाइप केलेल्या यादीत आहेत. इथे मी प्रत्येकाला ज्या नावाने हाक मारते त्याच नावाने लिहिणार. थोरली म्हणजे माझी मुलगी, शाळेत भूगोल शिकवते. धाकटा म्हणजे माझा मुलगा, लिफ्ट दुरुस्त करतो. यांचे वडील नऊ वर्षांपूर्वी गेले.

कलम १. सात वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी या कागदाने रद्द करते. त्यात सर्व काही थोरलीला दिले होते आणि धाकट्याच्या नावापुढे ‘काही नाही’ असे लिहिले होते. ते दोन शब्द मी रागात लिहिले. तेव्हा मी त्याला न विचारता माझ्या ड्रायव्हिंग शाळेच्या पाटीवर ‘आई आणि मुलगा’ असे रंगवून घेतले होते. तो पाटीखाली उभा राहून म्हणाला, “आई, मला लिफ्टचं काम आवडतं. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं.” चार लोकांसमोर म्हणाला, हे मला झोंबले. नंतर सात वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो ते टपालखात्यासारखे, पोचल्याची पावती घेण्यापुरते. चूक माझी होती. एवढे लिहायला मला आजार लागला, हेही माझेच चुकले.

कलम २. मिळकतीकडे वळण्यापूर्वी आजाराविषयी लिहिणे भाग आहे, कारण पुढची वाटणी त्यावरच उभी आहे.

एप्रिलमध्ये थोरली घरी आली, तिने मला खिडकीपाशी नेले आणि खालची पापणी ओढून पाहिली. “डोळे पिवळे झालेत. कधीपासून?” मी म्हटले, उजेडाने तसे दिसत असेल. अंगाला खाज सुटत होती ती मी नव्या साबणावर ढकलली होती, आणि पाठीचे दुखणे गाडीच्या सीटवर. आठ दिवसांत तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. ऑपरेशन होण्यासारखे नाही. डॉक्टर हे सांगत असताना थोरली वहीत लिहून घेत होती, आणि तिचे अक्षर जराही हलले नाही. घरी आल्यावर न्हाणीघराचे दार लावून ती पंधरा मिनिटे आत होती. नळ मात्र कोरडा होता.

त्याच संध्याकाळी तिने भावाला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी घेऊन आला आणि मला काही न विचारता न्हाणीघरात धरायला दांडा बसवू लागला. मी दारात उभी राहून म्हटले, “विचारायचं तरी.” तो म्हणाला, “तू पाटी रंगवताना विचारलं होतंस?” मग आम्ही दोघे इतके हसलो की मला बसावे लागले. तेव्हापासून तो इथेच राहतो.

कलम ३. राहते घर, दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, थोरली आणि धाकटा यांना समान हक्काने देते. हे घर मी एकट्या धाकट्याला देणार होते. त्याने सात महिने मला कुशीवर वळवले आहे. उताणे झोपले की पाठ फाटते म्हणून माझी खुर्ची कापून पुढे वाकून बसण्याजोगी केली आहे. औषधांमुळे गार वस्तूला हात लावला की बोटांत सुया टोचत, तर त्याने फ्रिजच्या मुठीला लोकरीचा मोजा शिवला. पण वाटणीची गोष्ट काढताच तो म्हणाला, “निम्मं कर. नाहीतर मी घरासाठी आलो असं होईल.” मी म्हटले, असे कोण म्हणेल? “मीच म्हणेन कधीतरी, भांडी घासता घासता.” म्हणून निम्मे निम्मे. त्याला हवे तितकी वर्षे त्याने इथे राहावे, थोरलीची याला संमती आहे.

कलम ४. बँकेतील ठेवही दोघांत निम्मी. यावर लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ५. हे कलम मालमत्तेचे नाही, पण सर्वांत महत्त्वाचे हेच आहे. वकील म्हणाले, “बाई, याची कायद्याला गरज नाही.” मला आहे.

पित्ताच्या नळीत जाळीची नळी घातल्यावर कावीळ उतरली. मग केमोच्या चार फेऱ्या झाल्या. सप्टेंबरच्या स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या दिसल्या. डॉक्टर प्रामाणिक माणूस. म्हणाले, दुसरे औषध देता येईल, काही आठवडे वाढतील किंवा वाढणारही नाहीत, त्रास मात्र होईल. थोरलीने लगेच पुढच्या मंगळवारची वेळ घेतली.

त्या मंगळवारी ती शाळेतून परस्पर हॉस्पिटलात गेली होती. तिसऱ्या मजल्यावर फाइल घेऊन बसली होती. धाकट्याने मला गाडीतून आणले. तो पार्किंगमध्ये गाडी लावत असताना मी म्हटले, “मागे घे. घरी चल.”

“काही विसरलीस का?”

“नाही. मला आता हे नको. मला घरी बसून खिडकीतून लोकांचं चुकीचं पार्किंग बघायचं आहे.”

त्याने इंजिन बंद केले. मग तो म्हणाला, “ताई वर बसलीय.” मी म्हटले, ठाऊक आहे. “तिला आधी सांग, मग मी गाडी काढतो.” मी फोन लावला. तिने ऐकून घेतले आणि एकच विचारले, “गाडी कोण चालवतंय?”

त्या दिवसापासून तिने भावाशी बोलणे सोडले. ती रोज येई, माझे केस विंचरी, जेवणाबरोबरच्या गोळ्या मोजून देई, आणि त्याला काही सांगायचे असले की औषधांच्या वहीत लिही. ‘सहा वाजता मॉर्फिन. बाटली हलवून.’ तो खाली लिही, ‘दिले. हलवून.’ असे अठरा दिवस चालले. दोघांमध्ये मी.

एकोणिसाव्या दिवशी मी थोरलीला पलंगावर बसवले. म्हटले, तुला जे बोलायचे आहे ते मला बोल, तो फक्त चालक होता. ती चादरीची घडी दुमडू लागली. “आई, तुझं बरोबर असेल. पण मला अजून थोडा वेळ हवा होता. तू मला तिथे फाइल घेऊन बसवलंस.” हे मात्र खरे होते. मी तिला आधी सांगायला हवे होते. समोरासमोर सांगितले तर ती रडेल आणि मी माघार घेईन, या भीतीने मी पार्किंगपर्यंत गप्प बसले. मी तिची माफी मागितली. आयुष्यात माफी मागायची सवय नाही, त्यामुळे ती कशीबशीच मागितली गेली, पण तिने पदरात घेतली.

तेवढ्यात धाकटा उशी घेऊन आला आणि माझ्या मानेखाली सरकवू लागला. थोरली म्हणाली, “तिथे नको रे, पोटाशी दे, तिला पुढे वाकून बरं वाटतं.” अठरा दिवसांनी त्याच्याशी बोललेले पहिले वाक्य उशीविषयी होते. मला ते पुरले.

तरी मी गेल्यावर, माणसाचे मन आहे, हा विषय पुन्हा निघेल. म्हणून लेखी नमूद करते की उपचार थांबवण्याचा निर्णय सर्वस्वी माझा होता. धाकट्याने सुचवला नाही, थोरलीने अडवला नाही. या कारणावरून कोणी कोणाला दोष दिल्यास तो माझ्या शब्दाविरुद्ध समजावा.

कलम ६. शेवटच्या दिवसांविषयी. मला घरीच ठेवावे. दुखेल तेव्हा औषध पुरेसे द्यावे. सवय लागेल म्हणून हात आखडणाऱ्या नातेवाइकास जिन्यापर्यंत पोचवून यावे. माझ्यासमोर कुजबुजू नये. ‘झुंज’ हा शब्द वापरू नये, मी कोणाशी झुंजले नाही; मी आजारी पडले आणि माझ्या मुलांनी माझे केले. नंतर थोरलीने पहिले दोन दिवस झोपावे. धाकट्याने आठ दिवस पान्ह्याला हात लावू नये.

कलम ७. समोरच्या रस्त्यावरील ड्रायव्हिंग शाळेचे मालक माझ्याकडे शिकणाऱ्या पोरांना वर्षानुवर्षे सांगत आले की बाईकडे शिकाल तर गाडी मागे घ्यायला कधी येणार नाही. त्यांना मी गाडीतला, शिकवणाऱ्यासाठीचा माझा जादा आरसा देते. मागे कोण येत आहे ते त्यातून स्पष्ट दिसते. महिन्यापूर्वी ते भेटायला आले, अर्धा तास बसले आणि म्हणाले, “बाई, तुमची पोरं परीक्षेत कमी नापास व्हायची.” मी चहा पाजला. क्षमा केलेली नाही, पण विचाराधीन आहे.

बुटक्या शिकाऊंसाठीची गादी, रस्त्यात मांडायचे सहा शंकू आणि ‘शिकाऊ’ पाटी शेजारच्या शिंपीणबाईंना. त्या पाच वेळा नापास झाल्या आहेत. सहाव्यांदा बसण्याचे वचन त्यांनी मला दिले आहे.

कलम ८. गाडी. परवापर्यंत या कलमात शिंपीणबाईंचेच नाव होते. ते खोडण्याचे कारण असे.

परवा रविवारी थोरली म्हणाली, “आई, मला गाडी शिकव.” ती चव्वेचाळीस वर्षांची आहे. अठराव्या वर्षी मी तिला एकदा शिकवायला नेले होते, आणि परक्या पोरांवर कधी ओरडले नाही तेवढी तिच्यावर ओरडले. तिने त्यानंतर स्टीअरिंगला हात लावला नाही, जगाचे नकाशे शिकवत बसने फिरली. मी म्हटले, “आत्ता? मला धड बसवत नाही.” ती म्हणाली, “म्हणूनच आत्ता.”

धाकट्याने मला उचलून खाली नेले, शेजारच्या सीटवर उशा रचल्या, आणि स्वतः एक जादा उशी मांडीवर घेऊन मागे बसला. बाजाराचे मैदान रिकामे होते. थोरलीने चार वेळा गाडी बंद पाडली. चौथ्या वेळी धाकटा मागून हसला, तर तिने वळून सांगितले, “तुझ्या लिफ्टला वळावं लागत नाही, गप्प बस.” मी ओरडले नाही. शक्ती नव्हती हे एक, आणि ओरडावेसे वाटले नाही हे दुसरे. पाचव्या वेळी गाडी निघाली. पहिल्याच गिअरमध्ये आम्ही मैदानाला तीन फेऱ्या मारल्या, पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत.

म्हणून गाडी थोरलीला. ती परीक्षा पास होईल की नाही ते मला कळणार नाही, आणि त्याची मला रुखरुख नाही. घरी आलो तेव्हा पाच आठवड्यांनी पहिल्यांदा मला भूक लागली. दोघे स्वयंपाकघरात सूप पातळ करावे की दाट यावरून वाद घालत होते. मी दोन वाट्या प्यायले.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे, आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत मी त्यावर सही करीत आहे. त्यांपैकी मुख्याध्यापकांनी ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका काढल्या. नऊ मान्य केल्या, दोन माझ्या पद्धतीने ठेवल्या आहेत.

सही: (मृत्युपत्र करणार)

साक्षीदार १: (सही) घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या नर्सबाई. बाईंनी आमच्यासमोर, कोणी हात न धरता सही केली.

साक्षीदार २: (सही) निवृत्त मुख्याध्यापक, बाईंचे शेवटचे विद्यार्थी. पहिल्याच प्रयत्नात पास.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली, खिडकीजवळ
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार, सकाळी साडेदहा