गळ्यातलं काढून ठेवा, म्हणाले

सोम. २० जाने.
नौबादला डॉ.कडे. चालत्या पट्ट्यावर चालवलं. चार मिनिटांत थांबवलं. कागदावरच्या रेघा दाखवून म्हणाले, अंजिओ करून घ्या, कलबुर्गीला. पुढचा मंगळवार दिलाय, २८. म्हटलं, गोळ्यांवर भागत नाही का? म्हणाले, आत काय आहे ते बघितल्याशिवाय गोळी कशावर देऊ? खरं आहे. पण पटलं नाही.

भालकीला परत येताना कंडक्टर नवा होता. तीस वर्षं मी हेच काम केलं हे त्याला सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. तिकीट घेऊन खिडकीला बसलो.

घरी जिना चढताना नवव्या पायरीला थांबावं लागलं. गेल्या महिन्यात अकरा होत्या.

नंदाला उदगीरला फोन. तिच्या सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलंय, तिला हलता येत नाही. "ह्यांना पाठवते संगट," म्हणाली. नको म्हटलं. जावयाला कशाला त्रास. फोन ठेवल्यावर आठवलं, जेवलात का असं तिनं विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नव्हतं.

बुध. २२
माणिक आला. एकोणीस वर्षं एका गाडीवर, तो ड्रायव्हर, मी कंडक्टर. त्याचं अंजिओ दोन वर्षांमागं झालंय, तेव्हापासून स्वतःला अर्धा डॉक्टर समजतो. मनगट पुढं केलं. नावाला खूण नाही.

"झोपवीत बी न्हाईत अण्णा. निस्ती सुई, मुंगी चावल्यावानी. मंग बारीक नळी हितून वर सरकवितेत, ते काय कळत न्हाई. औषध सोडलं की अंग गरम व्हतंय, बसल्या जागी मुतल्यावानी. तेवढं सोसायचं. म्या तर टीव्हीवर माझंच काळीज बघत पडल्तो."

गळ्यातलं काढावं लागतं का, हे विचारायचं होतं. पण त्याच्या गळ्यात तुळशीची माळ, ती काढून खुंटीला लावली तरी चालते. माझं तसं नाही, लिंगायत आम्ही. आठव्या वर्षी आमच्या गुरूंनी, अय्यांनी लिंग बांधलं, तेव्हापासून एक दिवस अंगावेगळं नाही. सकाळी डाव्या तळहातावर घेऊन पूजा, की परत डबीत आणि गळ्यात. तापात नाही काढलं, ड्युटीत नाही काढलं.

विचारलं नाही. चहा झाला, तो गेला.

मंगळ. २८
कलबुर्गी. उपाशी. मा. बरोबर. कागदावर नातेवाइकाची सही हवी, ती त्यानं केली. नात्याच्या रकान्यात 'ड्रायव्हर' लिहिलं. काउंटरवरची बाई हसली नाही. दोन तास लागतील म्हणाली, म्हणून तो डेपोत जुन्या लोकांना भेटायला गेला.

आत हिरवा झगा. हातात सुई घालून ठेवली. सिस्टर कन्नडमध्ये म्हणाली, अज्जा, गळ्यातलं काढून ठेवा, ह्या पिशवीत. पारदर्शक पिशवी, वर माझं नाव चिकटवलेलं.

पिशवी बघितली आणि उठलो. कपडे घातले. सुई काढून घेतली, स्वखुशीनं जात आहे अशा कागदावर सही केली. का म्हणून विचारलं तर बरं वाटत नाही म्हटलं. हृदयाच्या दवाखान्यात.

बाहेर बाकावर बसलो. सुईच्या जागेवरची पट्टी काढून मनगटावर चिकटवली. मा. आला. "झालं?" झालं म्हटलं. "काय निघालं?" काही नाही. त्यानं पाठीवर थाप मारली, नंदाला स्वतःच फोन लावला. पलीकडं ती रडायला लागली, खुशीनं. माझ्या कानाशी फोन धरला तर मी दमलोय अशी खूण केली.

तीस वर्षं विनातिकीटवाले पकडले. चेहऱ्यावरूनच ओळखायचो.

गुरु. ३०
नंदानं सकाळच्या गाडीनं डबा पाठवला, कंडक्टरच्या हाती. स्टँडवर जाऊन घेतला. पुरणपोळ्या चार, कटाची आमटी. चिठ्ठी: अप्पा, गोड खावा, आता भ्या न्हाई.

एक खाल्ली. वेलदोडा जास्त झालाय, तिच्या आईसारखाच हात. तीन तशाच आहेत.

समोरचे किराणावाले म्हणाले, "सुटलाव बघा अप्पा." व्हय म्हटलं. माणिकनं स्टँडभर केलंय. एकदा खोटं बोललं की घरोघरी तेच वाटत फिरावं लागतं.

जिना – सात.

रवि. २ फेब्रु.
चार वर्षांत हे कुठंच लिहिलं नाही. आज लिहितो.

गिरिजाला, नंदाच्या आईला, बिदरच्या दवाखान्यात आत न्यायच्या वेळी अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. ती लिंग देईना. मीच म्हणालो, "दे गं, म्या सांभाळतो." माझ्या शब्दावर दिलं. मंगळसूत्र रुमालात बांधलं. लिंग पँटच्या खिशात टाकलं. नाभीच्या खाली नेऊ नये हे आमच्यात लेकराला ठाऊक असतं. कागद, औषधं, इकडून तिकडं पळणं. सुचलं नाही असं म्हणतो. नाहीच सुचलं.

दुपारी पाच मिनिटं आत सोडलं. तोंडावर मास्क. हात गळ्याशी नेऊन चाचपत होती, माझ्याकडं बघत. मला वाटलं मास्कची पट्टी रुततेय. सिस्टरला सांगून सैल करवली. ती चाचपतच राहिली. मग वेळ संपली म्हणाले.

संध्याकाळी गेली. सह्या करायला खिशातून पेन काढताना हाताला लागलं, तेव्हा कळलं काय मागत होती.

मातीच्या वेळी डाव्या तळहातावर ठेवलं, रीतीप्रमाणं. सगळे म्हणाले भाग्याची, लिंगैक्य झाली. मी मान हलवली. नंदाला सांगितलं नाही. कुणालाच नाही.

नळीची भीती नाही मला. मुंगीची तर नाहीच. टेबलावर पडल्या पडल्या गेलो आणि अंगावर लिंग नसलं, तर केलेलं फेडलं असं होईल. त्याची भीती आहे. लोकांना सांगण्यासारखी नाही.

बुध. ५
बाजारात. हातात ज्वारीची पिशवी, किलो पाचेक. चौकात छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं झालं. कळ डाव्या दंडात. एका रिकाम्या हातगाडीवर बसलो, जिभेखाली गोळी धरली. लोक जात येत होते. एक जण म्हणाला, "अप्पा, गाडी चुकली का?"

दहा मिनिटं. ओसरलं. पिशवी ओळखीच्या दुकानात ठेवली.

घरी आल्यावर कुणाला तरी सांगावं म्हणून फोन हातात घेतला. सांगता येईना. सगळ्यांच्या लेखी मी बरा आहे. इतकं एकटं गि. गेली त्या आठवड्यातही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान लोक विचारायला येत होते.

गुरु. ६
कागदावरचा नंबर फिरवला. तीच सिस्टर निघाली. आळंदकडची आहे. तिनं आवाजानं ओळखलं नाही, पण 'झगा टाकून गेलेले अज्जा' म्हटल्यावर लगेच.

म्हणाली, लिंगासाठी गेलात? मग बोलायचं की. आठवड्याला तुमच्यासारखं कोणी ना कोणी येतंच. छातीवर चांदीची डबी चालत नाही, चित्रात येते. डबी काढायची, लिंग कापडात गुंडाळून डाव्या मुठीत धरायचं. आम्ही उजव्या मनगटातून जातो. अर्ध्या तासाचं काम. पिशवी डबीसाठी होती अज्जा. शेवटी म्हणाली, "अंजब्याड्री." भिऊ नका.

फोन ठेवला. गाडी कुठं जायलीय ते चढायच्या आधी विचारत जावा, म्हणून किती लोकांवर खेकसलो असेन. आणि मी स्वतः न विचारता उतरलो.

११ तारीख घेतली.

शुक्र. ७
मा.ला खरं सांगितलं. दवाखान्यातलं तेवढंच, खिशाचं नाही. एक शिवी हासडली. मग म्हणाला, "आता सही म्या करीत न्हाई. पोरीला बोलीव." उठून गेला, चहा अर्धा ठेवून.

शनि. ८
नंदाला सांगितलं. म्हणाली, "अप्पा, म्या देवाला नारळ फोडून आले. शेजारी पोळ्या वाटल्या." "कामून असं केलंत?" लिंग काढायला जमेना म्हटलं. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही, तिला वाटतं अजून काहीतरी आहे. आहेच.

"मंगळवारी म्या यायलेय. सासूबाईला जाऊबाई बघतील. आता नको म्हणू नका."

नको म्हटलं नाही.

मंगळ. ११
डाव्या हातानं लिहितोय, उजव्याला पट्टा आहे. अक्षर बघू नये.

झालं. खरंच झालं.

नं.नं सही केली. डबी तिच्याकडं दिली, रिकामी. सिस्टरनं स्वच्छ कापड दिलं, त्यात लिंग गुंडाळून मी मूठ मिटली. टेबल थंड. मुंगी चावली, माणिक म्हणाला तशीच. दंडात थोडं ओढल्यासारखं. मग आतून ऊन पाणी ओतल्यागत, छातीपासून खालपर्यंत, दहा मोजेपर्यंत गेलंही. टीव्हीवर काळ्या फांद्या उमटायच्या आणि विरायच्या. तेच माझं काळीज. भीती अशी वाटली नाही. मूठ मात्र घामानं भिजली.

वीस-पंचवीस मिनिटं. ह्याच्यासाठी पंधरा दिवस गावभर खोटं बोललो.

दुपारी डॉ.नी नं.ला आणि मला बसवून दाखवलं. तीन नळ्या तुंबल्यात. एक तर मुळाशीच अरुंद. ह्याला स्प्रिंग पुरायची नाही, बायपास करावा लागेल. सोमवारपर्यंत कळवा.

नं.नं माझा हात धरला होता. पट्टा नसलेला.

बुध. १२
भालकी. नं. इथंच आहे. जिन्याच्या मध्यावर तिनं खुर्ची आणून ठेवलीय. घरात दुसऱ्या कुणाचा खोकला, बांगड्या ऐकू येतात, त्याची सवय गेलीय. दोनदा दचकलो.

मा. आला. शुक्रवारी अर्धा चहा ठेवून गेला होता. आज दोन कप प्याला. बायपासचं ऐकून म्हणाला, "ते म्या केलं न्हाई, त्यातलं मला कळत न्हाई." त्याला काही कळत नाही असं त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

गुरु. १३
सिस्टरला फोन करून विचारून घेतलं, ह्यावेळी आधीच. चार-पाच तास, पूर्ण झोपवून. मूठ चालायची नाही. घरच्या लिंगवंतानं आपल्या अंगावर धरावं, बहुतेक लोक तसंच करतात.

सकाळी पूजा आटोपली. नं. भाकरी थापत म्हणाली, "म्या घालून बसते की माझ्या गळ्यात. तुमी बाहेर येईस्तोर काढत न्हाई." किती सहज. नुसतं बरं म्हटलं असतं तर सोमवारचा फोन आजच झाला असता.

पण तिच्या हाती लिंग द्यायचं आणि खिशाचं सांगायचं नाही, असं होईना. सांगितलं. खिसा, मास्कची पट्टी, पेन, सगळं. सांगताना तिच्याकडं बघितलं नाही, परातीकडं बघत होतो. तिनं थापणं थांबवलं नाही. भाकर तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, फुगू दिली. मग गॅस बंद केला.

"आईनं मागितलं होतं?"

"व्हय. मला कळलं न्हाई."

"तुमच्याकडं बघून?"

"व्हय."

पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर गच्चीत गेली. कठड्याशी उभी आहे, पाठ इकडं. पाव तास झाला असेल. हाक मारावीशी वाटते, पण कुठल्या तोंडानं. दवाखान्याला काय कळवायचं ते आता ती आत आल्यावरच ठरेल.