पाळणाघरातील यंत्रात ‘आई हवी’ हा प्रकार पुन्हा घेण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
उद्योग-सहकार्य कक्ष,
विद्यापीठ मुख्य इमारत, दुसरा मजला.

मार्फत : मार्गदर्शक, कृत्रिम बुद्धिमत्ता विभाग.
(सरांनी अर्ज वाचला आहे. ‘पाठवायचा तर पाठव, पण मी शिफारस केलीय असं कुठं दिसायला नको,’ असे ते म्हणाले. म्हणून शिफारशीची जागा कोरी आहे.)

विषय : रडण्याचा अर्थ लावणाऱ्या यंत्रातून वगळलेला ‘आई हवी’ हा सहावा प्रकार पुन्हा घेण्याबाबत, तसेच तपासणीविना राहिलेल्या क्लिप्सचा खुलासा.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे तिसरे स्मरणपत्र. २) माझा यापूर्वीचा अर्ज व त्यावरील आपले ‘तक्रार निकाली’ हे उत्तर.

महोदय,

आपले तिसरे स्मरणपत्र मिळाले. पहिल्या दोन स्मरणपत्रांना मी उत्तरे दिली होती. ती बहुधा अर्जांच्या फाइलीत लागली असावीत, आणि माझा अर्ज स्मरणपत्रांच्या फाइलीत. म्हणून या वेळी खुलासा आणि विनंती दोन्ही एकाच कागदावर लिहीत आहे, म्हणजे कागद कुठल्याही फाइलीत गेला तरी अर्धा तरी योग्य जागी पडेल. हा मजकूर कार्यालयीन वेळेत लिहिलेला नाही. जेवणाच्या सुट्टीत आणि मुलगी मांडीवर झोपलेली असताना एका हाताने, असा तुकड्या-तुकड्यांनी लिहिला आहे. अक्षर वाकडे झाले असल्यास माफी असावी.

१. मी कृत्रिम बुद्धिमत्ता विभागात संशोधक विद्यार्थिनी आहे. विभागाचा आणि यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा सामंजस्य करार झाला, त्याचा मोठा फोटो आपल्या कक्षाबाहेर लावलेला आहे. त्यात मागच्या रांगेत, कडेवर बाळ घेतलेली, डोळे मिटलेली बाई ती मी. बाळ कंपनीच्या सांगण्यावरून आणले होते. बाळ असले की फोटोला शोभा येते, असे त्यांचे म्हणणे पडले. ते बाळ म्हणजे माझी मुलगी. आता ती अकरा महिन्यांची आहे आणि दिवसभर विद्यापीठाच्या पाळणाघरात, खिडकीकडच्या पाळण्यात असते. पाळणाघर सांभाळणाऱ्या मावशी तिला ‘इन्स्पेक्टरबाई’ म्हणतात, कारण दुधाची बाटली तोंडाला लावण्याआधी ती खोलीतल्या प्रत्येकावर एकदा नजर टाकून घेते. सगळे जागच्या जागी आहे अशी खात्री पटल्याशिवाय बाईसाहेब दूध घेत नाहीत.

२. आमचा प्रकल्प थोडक्यात असा. बोलता न येणाऱ्या बाळाचे रडणे ऐकून ते कशासाठी आहे हे ओळखणारे यंत्र तयार करायचे. विभागाने त्याला शिकवायचे, कंपनीने बनवून विकायचे. शिकवण्यासाठी रडण्याच्या हजारो क्लिप्स लागतात आणि प्रत्येक क्लिपला एक नाव द्यावे लागते. नाव देण्याची आमची रीत ठरलेली होती. रडणे कशाने थांबले, त्यावरून नाव. दूध दिल्यावर थांबले तर भूक. लंगोट बदलल्यावर थांबले तर ओले. थोपटल्यावर डोळे मिटले तर झोप. दुखणे आणि पोटातला वारा यांचीही अशीच रीत. पण काही रडणी अशी निघाली, की आई नुसती दारात दिसली आणि थांबली. तिने उचलले नव्हते, पाजले नव्हते, हाकही मारली नव्हती. या रडण्याला आम्ही ‘आई हवी’ असे नाव दिले. हे नाव मी लाडात येऊन दिलेले नाही. विभागातील दोघीजणींनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून, एकमेकींना न विचारता क्लिप्स तपासल्या होत्या आणि दोघींचे उत्तर एकच आले होते. सर तेव्हा खूश होऊन म्हणाले होते, ‘हे बघ, या सहाव्यावरच तुझा प्रबंध उभा राहणार.’

३. पुढे मुलीला ताप आला म्हणून मी आठवडाभर रजेवर होते. त्या आठवड्यात विभाग आणि कंपनी यांची संयुक्त बैठक झाली आणि सहावा प्रकार ‘झोप’ या प्रकारात विलीन करण्यात आला. कारण इतिवृत्तात स्वच्छ दिलेले आहे : ज्यावर यंत्राकडे उपाय नाही, असा प्रकार यंत्रात ठेवू नये. मी परतल्यावर कंपनीच्या व्यवस्थापकांना भेटले. त्यांनी मला चहा दिला आणि समजावून सांगितले, ‘मॅडम, दिवा लागला आणि पुढे काहीच झालं नाही तर गिऱ्हाईक म्हणणार, यंत्र बिघडलंय. आता आई काय आम्ही खोक्यात घालून देणार आहोत का?’ यावर खोलीतले सगळे हसले. मीही हसले. माणूस वाईट नाही. त्यांनी माझ्या मुलीसाठी खुळखुळा पाठवला होता, त्यावर कंपनीचे चिन्ह छापलेले आहे. तो तिला आवडतो.

सहावा प्रकार झोपेतच का घातला, असे मी विचारले. तेव्हा कळले की दोन्ही रडणी बहुतेक दुपारची असतात, एवढ्यावरून ठरले.

४. येथे एक तांत्रिक बाब आपल्या नजरेस आणून देणे भाग आहे. यंत्र म्हणजे पाळण्याच्या कडेला बसवलेली एक पांढरी गोल डबी. तिने ‘झोप’ ओळखली की निळा दिवा लागतो, पाळणा आपोआप हलू लागतो आणि डबीतून गुणगुणण्याचा आवाज येतो. हा आवाज निवडण्यासाठी विभागातील काहीजणींचे गुणगुणणे आवाजबंद खोलीत मुद्रित केले होते. त्यातले जे कंपनीला सर्वांत शांत वाटले ते घेतले. ते माझे आहे. मुलगी तेव्हा माझ्या खांद्यावर होती आणि मी यंत्रासाठी नव्हे, तिच्यासाठी गुणगुणत होते. म्हणूनच ते शांत वाटले असावे.

आता रोज दुपारी होते ते, क्लिप्स ऐकून आणि मावशींच्या बोलण्यातून जुळवलेले, असे. माझ्या मुलीला माझी आठवण येते आणि ती रडते. यंत्र म्हणते, झोप. डबीतून माझा आवाज येतो. ती रडायची थांबून दाराकडे बघते. आवाज आहे म्हणजे आई आलीच, एवढे गणित तिला येते. दारात कोणी नसते. ती पाळण्याच्या कडेवरून खाली बघते, खिडकीच्या पडद्याकडे बघते आणि मग आधीपेक्षा जोरात रडते. यंत्र म्हणते, गाढ झोपेची गरज. पाळणा जोरात हलतो, माझा आवाज मोठा होतो. शेवटी ती दमून झोपते. यंत्र त्यापुढे ‘यशस्वी’ अशी नोंद करते.

५. यावर, आई शेजारच्याच इमारतीत असताना तिला बोलवावे, एवढा साधा उपाय कोणालाही सुचेल. पूर्वी मावशी तेच करत. फोन करून म्हणत, ‘ये गं बाई, तुझी इन्स्पेक्टर हटून बसलीय.’ मी जिने उतरून जात असे, दारात उभी राहत असे, ती एकदा बघून घेत असे आणि मी परत येत असे. परंतु करारानुसार पाळणाघर हे आता ‘चाचणी स्थळ’ आहे. आई दारात दिसली की बाळ कोणत्याही कारणाने रडत असो, थांबते, आणि त्यामुळे यंत्राचे निष्कर्ष बिघडतात, असे कंपनीने लेखी कळवले. म्हणून कामाच्या वेळेत मातांना पाळणाघरात मज्जाव आहे. दाराची काचही आता दुधी केली आहे.

मावशींविषयी माझी तक्रार नाही. इतकी मुले आणि त्या एकट्या. त्यांना यंत्राचा आधारच वाटतो. ‘दिवा सांगतो तसं करते बाई. पूर्वी चुकलं की बोलणी मला बसायची, आता डबीला बसतील,’ असे त्या म्हणतात. फक्त परवा संध्याकाळी मुलीला माझ्याकडे देताना त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘आज दाराकडं लई वेळ बघत होती.’ मग लगेच पिशवीत खुळखुळा राहिला आहे का ते बघू लागल्या.

६. या सर्व बाबींवर मी पूर्वी अर्ज केला होता. आपल्या कक्षाने यंत्राचा अहवाल मागवला आणि मला उत्तर दिले, की चाचणी सुरू झाल्यापासून सदर पाळणाघरात आई हवी असल्याची एकही घटना नोंदली गेलेली नाही, सबब तक्रारीत तथ्य नाही. महोदय, जो प्रकार काढून टाकला त्याची नोंद होणार कशी, हे विचारायला मी आपल्या कार्यालयात आले होते. आपण बैठकीत होता. आपल्या सहायकांनी सांगितले, ‘अहो, शून्य आहे म्हणजे चांगलंच आहे की.’

त्यानंतर विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात ‘यशोगाथा’ या सदराखाली आले, की आमच्या यंत्रामुळे मुलांना आईची आठवण येण्याचे प्रमाण शून्यावर आले आहे. त्या पानावरही बाळाचा फोटो आहे. तोही तिचाच आहे. ती फोटो काढणाऱ्याच्या मागे, म्हणजे माझ्याकडे बघते आहे, म्हणून हसते आहे.

७. आता प्रलंबित क्लिप्सचा खुलासा. करारान्वये माझ्याकडे असलेले काम असे, की आदल्या दिवशी पाळणाघरात जमा झालेल्या क्लिप्स दुसऱ्या दिवशी ऐकायच्या आणि यंत्राने दिलेले नाव बरोबर असल्यास ‘मान्य’ हे बटण दाबायचे. पडद्यावर दोनच बटणे आहेत, ‘मान्य’ आणि ‘नंतर’. ‘चूक’ हे बटण पूर्वी होते. त्याने काम लांबते म्हणून काढले.

म्हणजे माझी मुलगी काल दुपारी मला हाक मारते आणि ती मला आज, कानाला हेडफोन लावून, चौथ्या मजल्यावर ऐकू येते. पडद्यावर लिहिलेले असते, झोप. खाली विचारलेले असते, मान्य? मी ‘नंतर’ दाबते. इतर मुलांच्या क्लिप्स मी वेळेवर तपासते. तिच्याच तेवढ्या मागे राहिल्या आहेत. हे कामचुकारपणाचे लक्षण आहे, असे आपल्या स्मरणपत्रात म्हटले आहे आणि माझ्या संशोधनाबाबत प्रतिकूल अभिप्राय का नोंदवू नये, असे विचारले आहे. त्याचे कारण वर दिले आहे. याहून जास्त शास्त्रीय कारण मजकडे नाही.

८. सबब विनंती करण्यात येते की, ‘आई हवी’ हा सहावा प्रकार यंत्रात पुन्हा घेण्यात यावा. त्यासाठी वेगळा दिवा देता येत नसेल तर दिवा नसला तरी चालेल. नुसती नोंद व्हावी. तेही शक्य नसल्यास डबीतील गुणगुणणे बदलून दुसऱ्या कोणाचे तरी घालावे; माझ्या मुलीला फसवण्यासाठी निदान माझा आवाज वापरला जाऊ नये. तेही करारात बसत नसल्यास मला पाळणाघरात जाण्याची परवानगी मिळावी.

करार मी पुन्हा वाचला. मातांना प्रवेश नाही हे खरे, परंतु यंत्राच्या देखभालीसाठी, सुटे भाग बसवण्यासाठी संबंधितांना केव्हाही आत जाता येते, असे एक कलम आहे. डबीतला आवाज माझा आहे आणि तो यंत्राचा भाग आहे, हे कंपनीला मान्य आहे. तेव्हा त्या आवाजाचा उरलेला भाग म्हणजे मी, असे समजून मला सुट्या भागांच्या यादीत घ्यावे. मला क्रमांक द्यावा, गळ्यात अडकवायला चिठ्ठी द्यावी. निळा दिवा लागला की मी जाईन, दारात उभी राहीन आणि परत येईन. मला वीज लागत नाही.

हे वाचून अर्जदार थट्टा करते आहे असे वाटण्याचा संभव आहे. थट्टा करण्याइतकी झोप माझी अलीकडे होत नाही.

९. शेवटची एक बाब. काल आलेल्या क्लिप्समध्ये एक वेगळी होती. नेहमीप्रमाणे आधी रडणे, मग माझे गुणगुणणे, मग तिचे थांबणे. त्यानंतर ती रडली नाही. फक्त पाळण्याची करकर ऐकू येत होती. आणि मग ती म्हणाली, ‘आई’. ओठांशी खेळताना निघतो तसला आवाज नव्हे. नीट, विचारल्यासारखी म्हणाली. दोनदा म्हणाली. तिचा हा पहिला शब्द आहे. घरी ती अजून काही बोललेली नाही. मावशींना विचारले, तर त्या वेळी त्या दुसऱ्या बाळाचे दुपटे बदलत होत्या, त्यांनी ऐकले नाही. तिथे ऐकायला फक्त डबी होती.

यंत्राने त्या क्लिपला ‘झोप’ असे नाव दिले आहे आणि मला विचारले आहे, मान्य?

महोदय, माझ्याने ते बटण दाबले जात नाही. ‘नंतर’ हेही या वेळी दाबता आलेले नाही. पडदा कालपासून तसाच उघडा आहे. ही क्लिप आपण स्वतः एकदा ऐकावी आणि जे योग्य वाटेल ते आपल्या हाताने दाबावे, एवढीच आता विनंती आहे. आपण ‘मान्य’ दाबलेत, तर बाकीच्या सर्व क्लिप्स मी त्याच दिवशी मान्य करून देईन आणि पुन्हा अर्ज करणार नाही.

उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,

(सही)
संशोधक विद्यार्थिनी, कृत्रिम बुद्धिमत्ता विभाग,
तसेच खिडकीकडच्या पाळण्यातील मुलीची आई.

दिनांक : स्मरणपत्रात दिलेल्या मुदतीचा शेवटचा दिवस.

सोबत : काही नाही. क्लिप जोडणार होते, परंतु कराराप्रमाणे ती कंपनीची मालमत्ता असल्याने मला तिची प्रत घेता येत नाही, घरी ऐकवताही येत नाही. आपल्याला मागवता येईल. मागवलीत, तर ऐकताना कृपया मलाही कळवावे. मी काही बोलणार नाही, नुसती दारात उभी राहीन.