कॅसेटमधल्या बाईसाठी प्रार्थना

आई, आज सकाळी चहा उकळत ठेवला आणि मोबाईलवर ताईच्या गावचं ते रेडिओ स्टेशन लावलं. अमेरिकेतलं, दिवसभर नुसती येशूची गाणी लावणारं. आता ते आपल्या सोनईत बसल्याजागी ऐकू येतं. तुझ्या वेळी कॅसेटमधून यायचं. ताई नर्स होऊन तिकडे गेली, ती रेडिओवरून कॅसेट भरायची आणि सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवायची. तू टेपरेकॉर्डर पिठाच्या डब्यावर ठेवायचीस आणि भाकरी थापत ऐकायचीस. इंग्रजीचं एक अक्षर तुला कळत नव्हतं, पण एकाने ओळ म्हटली आणि बाकीच्यांनी ती टाळ्या वाजवत उचलली, की तुझा हात परातीवर ठेका धरायचा. "आपल्या कीर्तनावानीच हाय की रं," तू म्हणायचीस. "निस्ती झांज न्हाई."

गाण्यांच्या मधे लोक स्टेशनला फोन करून प्रार्थना मागायचे. मी नागापूरच्या कारखान्यात होतो, रविवारी घरी आलो की तू मला अर्थ सांगायला बसवायचीस. एकदा एक बाई रडत होती. नवरा दवाखान्यात आहे, म्हणाली, माझ्यासाठी प्रार्थना करा. मी सांगून मोकळा झालो. तू मात्र त्याच दुपारी, दर रविवारी आपल्या घरी भरणाऱ्या बायांच्या प्रार्थनेत, त्या नवऱ्यासाठी मागणं मागितलंस. शेजारच्या मावशीने मला विचारलं, "पोरं किती हायेत तिला?" मला काय ठाऊक! दोन, म्हणालो. झालं, त्या दोन पोरांसाठीही प्रार्थना सुरू झाली. पुढच्या रविवारीही तेच. मला हसू आवरेना. "अगं आई, ही कॅसेट भरून दोन-तीन महिने झाले. तो माणूस एव्हाना घरी गेला असेल, नाहीतर देवाघरी." तू हातातली भाकरी तव्यावर टाकलीस आणि माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "तुला कुनी इचारलं? तिनं मागितलं, मला आयकू आलं. आयकल्यावर गप कसं बसायचं?" मला राग आला होता. असल्या भाबडेपणाची मला तेव्हा लाज वाटायची. प्रार्थना सुरू झाली की मी बाहेर ओट्यावर जाऊन बसायचो.

मग तूच आजारी पडलीस. नगरच्या दवाखान्यात तू भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि ताईला काही रजा मिळेना. फोनवर ती नुसती रडायची. तू गेलीस, तुला माती दिली, पाहुणे परतले, आणि महिनाभराने ताईची कॅसेट आली. तू आजारी असतानाच तिने पाठवलेली. आणणाऱ्याचं येणं लांबलं होतं. रविवार होता, बाया जमलेल्या. मावशी म्हणाली, "लाव."

दोन गाणी झाली आणि ताईचा आवाज आला. तिने स्टेशनला फोन केला होता. माझी आई भारतात एका खेड्यात आहे, ती तुमच्या लोकांसाठी प्रार्थना करते, आता ती फार आजारी आहे, असं ती सांगत होती. रेडिओवरच्या माणसाने ऐकणाऱ्या सगळ्यांना आहेत तिथे थांबून तुझ्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं. मी बायांना एकेका वाक्याचा अर्थ सांगत होतो. शेवटचं वाक्य सांगून मी टेप बंद केला. तुला शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायाच समोर बसलेल्या.

मावशीने पदर डोक्यावर घेतला. "लेकीनं मागितलं, आपल्याला आयकू आलं," ती म्हणाली. "तुज्या आईनं कवा इचारलं हुतं का, कॅसेट कवाची हाय म्हनून?" आणि तिने डोळे मिटले.

आता मावशीही नाही. हे पत्र वाचून दाखवावं असं कुणी उरलं नाही आणि पोस्टात टाकायला तुझा पत्ता नाही, तेव्हा ते इथेच पिठाच्या डब्याखाली ठेवतो. एवढंच सांगायचं होतं, की त्या दिवशी मी ओट्यावर गेलो नाही. बायांच्या मागे बसलो, मान खाली घातली, आणि तुझ्या कबरीची माती अजून बसली नसताना म्हणालो, देवा, आईला बरं कर.