बाथरूमच्या जाळीवरचे केस

गुरुवार, मार्च २००९. अल मनखूल, दुबई.

माझ्या नवऱ्याची, संदीपची नोकरी गेल्यावर मागची खोली रेश्माला आणि तिच्या नवऱ्याला भाड्याने दिली. तेव्हापासून बाथरूममध्ये पाऊल टाकलं की माझी नजर आधी जाळीकडे जाते. रेश्माचे लांब केस दिसले की शिसारी येते. आमच्या लेकीचे, अन्वीचे केसही तिथेच अडकतात, ते मात्र मला दिसतच नाहीत. असं का?

आज संध्याकाळी रेश्मा स्वयंपाकघरातच भडाभडा ओकली. थोडं माझ्या हातावर उडालं. मी तिचे तेच केस मुठीत धरून पाठ चोळत राहिले. तिसरा महिना आहे म्हणाली.

"दीदी, आपको घिन नहीं आयी?"

"नाही गं," मी मराठीतच बोलून गेले. खरंच किळस नाही आली. हात धुवायचंही सुचलं नाही.

जेवताना संदीप म्हणाला, "नोकरीचं पक्कं झालं. रविवारी जॉइन. आता त्यांना खोली सोडायला सांगू या. तूच मागे लागली होतीस ना?"

लागले होते. रोज.

"तिचं बाळंतपण होऊ दे, मग बघू," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी खाली मान घालून उगाच भात चिवडत बसले.