न अडकणारी डिस्क

मंगळवार, संध्याकाळ

सुमतीचं ऑपरेशन उद्या, चेन्नईला. तिचा भाऊ सोबत आहे, मी इथे तंजावूरला आमच्या लेकीजवळ, तुळजाजवळ. पोरीचा जीव रमावा म्हणून तिच्या लाडक्या मुंगसाच्या कार्टूनची नवी फोर-के डिस्क आणली. का आणली मी?

जुनी डीव्हीडी पुराच्या प्रसंगाला अडकायची आणि उडी मारायची. पुढे पिल्लू एकटंच. "आई कुठे गेली?" असं तुळजाने तिच्या तमिळमध्ये विचारलं की मी सांगायचो, पलीकडच्या काठाला गेलीये, येईल. मला तरी कुठे ठाऊक होतं!

आज डिस्क अडकली नाही. चित्र इतकं लख्ख, की पिल्लाची आई पुरात बुडताना तिच्या मिशीचा एकेक केस दिसला. रिमोट हाताशी असून मला बटण सापडेना.

तुळजाला आमची मराठी कळते, पण उत्तर नेहमी तमिळमध्ये देते. आज टीव्हीवरची नजर न काढता तिने मराठीत विचारलं, "अप्पा, आई चेन्नईलाच गेली ना? पलीकडे नाही ना?"

चेन्नईलाच, एवढंच म्हणायचं होतं.

जुनी डीव्हीडी नेमकी इथेच उडी मारायची.