अज्जाचं ताट आणि लातूरचे भाडेकरू

चि. सिद्धलिंग यास निलम्माचा आशीर्वाद. निलम्मा म्हणजे तुझ्या बापाची आई. विसरायची तुझी खोड, म्हणून आधीच सांगते. लिहिणारी तुझी काकू नागरत्ना, बोलणारी मी. पोरीला दात आले का? माझे गेले.

तर मागच्या खोलीतले श्रीपतराव खोली सोडतो म्हणायलेत. करार संक्रांतीपर्यंत हाय, त्यावर माझा अंगठा हाय. पाण्याची तक्रार न्हाई, पंख्याची न्हाई. तक्रार तुझ्या अज्जाची हाय, म्हणजे माझ्या नवऱ्याची.

अज्जाच्या वर्षाच्या दिवशी (तुझ्या ध्यानात नव्हता, असू दे) मी घरामागं परड्यात त्याच्या समाधीच्या कट्ट्यावर शेंगापोळीचं ताट झाकून ठेवलं. माणूस लातूरचा. आम्ही आमची माणसं जाळत न्हाई, घरच्या मातीतच बसवतो, हे त्याला काय ठावं? घरमालकिणीनं आपल्यासाठीच ठेवलंय समजून कट्ट्यावर मांडी घालून सगळं खाल्लं, आन् वर मला म्हणतोय, आजी, तूप जरा कमी पडलं.

तवापासून दिवेलागणीला परड्यातून त्यास्नी कोणतरी इचारायलंय. मी म्हणलं, मांजर असंल. तर म्हणाले, "आजी, तुमच्या नौबादची मांजरं कन्नड बोलतेत का?" स्वतःला कन्नडचं अक्षर येत न्हाई, पण ऐकलं तसं बोलून दाखवलं : सिद्दा बंदनेनु? नागरत्नाच्या हातातला तांब्या पडला. (पडला का न्हाई गं? मग लिही की.) सिद्दा आला का, एवढंच इचारतोय. तुला सिद्दा म्हणणारा अज्जाबिगर कोण होता?

मी करार पुढं केला. ते म्हणाले, करारात आपण दोघंच हाव, तिसरा न्हाई. मी म्हणलं, कामून भ्यायलाव, येतोय म्हणून सांगून टाका. बिचाऱ्यानं सांगितलं. आता अज्जा इचारायलाय, कधी?

ता. क. श्रीपतरावास्नी अडवलं ते करारासाठी न्हाई. गेल्या सोमवारी मीच ताट ठेवून कट्ट्यावर बसून खाल्लं. अंधार पडला, पण अज्जा मला एक शब्द बोलला न्हाई. (जित्तेपणी तरी कुठं बोलायचा?) श्रीपतराव गेल्यावर तो काय म्हणतोय, मला कोण सांगणार?

आणखी एक. काल सामान बांधताना श्रीपतराव म्हणाले, आवाज आता परड्यातून न्हाई, खोलीतून यायलाय. अमावास्येआधी ते जातेत. खोलीत तू येऊन ऱ्हा. कलबुर्गीहून जमत नसंल तर शेंगापोळ्या धाड. त्यातली एक अर्धी तू खा, उरलेली अर्धी तशीच डब्यात घाल, मी कट्ट्यावर ठेवते. मग त्याच्या ताटातलं तू खाल्लेलं असंल, काय इचारायचं ते अज्जा कलबुर्गीला येऊन तुलाच इचारील. तूप सढळ लाव.